गणेशखिंडीतून दिसलेली अलकनंदा

नमस्कार श्रोतेहो. पुणे विद्यापीठाच्या आवारातल्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राचं, म्हणजे एनसीआरएचं नाव निघालं की आपल्याला आठवतात नारायणगावजवळ खोडदला उभ्या असलेल्या त्या अवाढव्य अँटेना. पण २०२५च्या नोव्हेंबरात इथल्या राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांनी जी दीर्घिका, म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचा गोतावळा, जगापुढे आणली, तिचा खोडदशी संबंध नाही. ती सापडली जेम्स वेब अवकाश दुर्बिणीच्या प्रतिमांत. या प्रतिमा अभ्यासकांना खुल्या होत्या, जगात कुणीही बसून चाळाव्यात. चाळल्या पुण्यात, याचं थोडं कौतुक आपण करून घेऊ!

दीर्घिकेचं नाव ठेवलंय अलकनंदा. तिचा प्रकाश बारा अब्ज वर्षं वाट चालून आलाय; तो निघाला तेव्हा विश्वाचं वय जेमतेम दीड अब्ज वर्षं होतं. त्या काळातल्या दीर्घिका म्हणजे तापलेल्या, खळबळत्या, वेड्यावाकड्या, अशीच समजूत होती. वायू निवून त्याची सपाट चकती फिरू लागायची, मग तीत ताऱ्यांच्या वळसेदार भुजा उमटायच्या, याला काही अब्ज वर्षं लागणारच, असं गणित.

अलकनंदेनं ते गणित अडचणीत आणलंय. मधोमध तेजस्वी फुगवटा, त्याला वेढणाऱ्या दोन रेखीव भुजा आणि भुजांवर दोऱ्यात ओवलेल्या मण्यांसारखे नव्या ताऱ्यांचे पुंजके. विस्तार सुमारे तीस हजार प्रकाशवर्षं. ताऱ्यांचं वस्तुमान दहा अब्ज सूर्यांइतकं, आणि दर वर्षी साठेक सूर्यांच्या वस्तुमानाचे तारे नव्यानं जन्मतायत. आपल्या आकाशगंगेच्या जवळजवळ वीसपट वेग हा!

इतक्या लांबचं इतकं स्पष्ट दिसलं, कारण वाटेत अबेल २७४४ हा दीर्घिकांचा समूह आहे. त्याच्या गुरुत्वाकर्षणानं प्रकाश वाकतो आणि अलकनंदा दुप्पट उजळ दिसते. वेबनं हा भाग एकवीस वेगवेगळ्या फिल्टरमधून टिपलाय. अंतर, धूळ, ताऱ्यांचं वय हे सगळं त्यावरूनच काढलं.

बरं, ही एकटीच नाही. २०२३ मध्ये सीयर्स-२११२ ही दीर्घिका जाहीर झाली. तिच्या मध्यातून ताऱ्यांचा आडवा दांडा गेलेला आहे, आपल्या आकाशगंगेत आहे तसाच. आणि तीसुद्धा विश्व दोन अब्ज वर्षांचं असतानाची! दांडा तयार व्हायचा तर चकती आधीच बऱ्यापैकी स्थिरावलेली लागते.

आता प्रश्न उरतो अलकनंदेच्या भुजांचा. त्या आपोआप उमटल्या, की शेजारच्या एखाद्या दीर्घिकेनं ओढाताण केली? तिच्यातला वायू शिस्तीत फिरतोय की घुसळतोय, हे वेबनं किंवा चिलीतल्या अल्मा दुर्बिणीनं मोजलं, की त्यावर बोलता येईल.