चार चमचे चुना

नमस्कार मंडळी. गुहागरच्या बाजूला आमची नारळ-सुपारीची वाडी आहे, आणि मागीलदारी न्हाणीच्या शेजारी हजार लिटरची एक टाकी, तिच्यावर खडी भरलेले दोन बेड. टाकीत रोहू, बेडात पालक, पुदिना, मिरची. माशांचं पाणी पंपाने भाजीला जातं आणि खडीतून गाळून परत टाकीत येतं, माती नाही, वरून नेहमीचं खत नाही. ह्यालाच अ‍ॅक्वापोनिक्स म्हणतात. आज मी फक्त त्या पाण्याच्या पीएचबद्दल (पाणी किती आम्लधर्मी किंवा अल्कधर्मी आहे त्याचा आकडा; सात म्हणजे मधोमध, खाली आम्ल, वर अल्क) बोलणार आहे, कारण माझं सगळ्यात मोठं नुकसान तिथेच झालं, आणि पावसाळ्यात तुमच्यापैकी कोणावर ती वेळ येऊ नये असं मला मनापासून वाटतं.

दुसऱ्या वर्षीच्या जुलैमधली गोष्ट. आठ दिवस पाऊस थांबला नव्हता, पागोळ्यांचं पाणी थेट टाकीत पडत होतं आणि माझं लक्षच नाही. पालकाची पानं फिकी पडली, मासे खाद्याला वर येईनात. पीएच तपासायच्या किटमधले थेंब टाकून बघितलं तर पाणी पिवळंधमक, म्हणजे पीएच सहाच्या जवळपास. मला कोणीतरी सांगितलेलं की पीएच पडला की चुना टाकायचा. घरात रंगकामातून उरलेली चुन्याची पुडी होती, त्यातले चार चमचे संध्याकाळी टाकले आणि झोपले. पहाटे बॅटरी घेऊन गेले तर मासे पंपाच्या धारेखाली गोळा होऊन आ वासत होते, आणि अकरा रोहू पांढरी पोटं वर करून तरंगत होते. थेंब टाकले तर पाणी गडद निळं, म्हणजे पीएच वर चढलेला. ते किट तेवढंच दाखवतं, पुढचं दाखवत नाही, म्हणून दुसऱ्या किटने बघितलं तर साडेआठच्या वर.

मला वाटलं चुना बाधला. खरं तर चुन्याने नाही, अमोनियाने मारलं, आणि हे समजून घ्यायला मला खूप दिवस लागले म्हणून जरा सावकाश सांगते. मासे जे खातात त्यातून पाण्यात अमोनिया येतो. खडीवर राहणारे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, आणि नायट्रेट हे झाडाचं खाणं. ह्या जिवाणूंना सात ते आठ पीएच बरा वाटतो, सहाच्या आसपास आला की त्यांचं काम अगदी मंदावतं. म्हणजे माझ्या टाकीत ते आठ दिवस अमोनिया नुसता साचत होता. पण आम्लधर्मी पाण्यात तो अमोनियम ह्या रूपात असतो, ते माशाला फारसं बाधत नाही. आपल्याकडच्या अठ्ठावीस डिग्रीच्या पाण्यात पीएच सात असताना शंभरातला एक भागसुद्धा विषारी नसतो, आठला सहा-सात भाग, आणि साडेआठला अठरा. मी एका रात्रीत पाणी सहावरून साडेआठला नेलं आणि टाकीत गप्प बसलेला अमोनिया विष होऊन उठला. पीएचचा एक आकडा म्हणजे दहापट फरक, हे तेव्हा डोक्यात असतं तर मी आधी खाद्य बंद केलं असतं, अमोनिया मोजला असता, थोडं थोडं पाणी बदललं असतं आणि मगच चुन्याला हात लावला असता.

आता कोकणात हे जास्त का होतं तर आपलं पाणीच मऊ. जांभ्यातून झिरपून विहिरीत येतं त्यात चुनखडीचा अंश फार थोडा, आणि पावसाच्या पाण्यात तर नसल्यातच जमा. पाण्याची आम्ल पचवायची जी ताकद असते, अल्कलिनिटी म्हणतात तिला, ती आपल्याकडे मुळातच कमी. आणि जिवाणू काम करताना आम्ल तयार करतात, एक ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागे साधारण सात ग्रॅम चुनखडीइतकी ताकद खर्च होते. रोज शंभर ग्रॅम खाद्य घालत असाल तर त्यातून तीनेक ग्रॅम अमोनिया, म्हणजे वीस ग्रॅम चुनखडी रोजची गेली. झाडं त्यातलं थोडं परत देतात, पण एकंदरीत पीएच उतरतच राहतो. किनाऱ्याला अगदी लागून असलेल्या विहिरीचं पाणी खारट असलं तर तिथला हिशोब वेगळा, मी बोलतेय ते गोड्या विहिरीचं.

कितीवर ठेवायचा? माशाला साडेसहा ते साडेआठ चालतो, झाडाला साडेपाच ते साडेसहा आवडतो, जिवाणूंचं आत्ता सांगितलं. तिघांनाही निभावेल असा आकडा सहा पॉइंट आठ ते सात. सातच्या वर फार गेलं की लोह अडकतं, कोवळं पान पिवळं आणि शिरा हिरव्या राहतात. गंमत बघा, आपली सगळी माती लोखंडाने लाल आणि झाडाला लोह मिळत नाही, कारण तो गंज आहे, पाण्यात विरघळत नाही. तिथे डीटीपीएवालं चिलेटेड आयर्न, म्हणजे पाण्यात विरघळलेलंच राहील असं बांधलेलं लोह लागतं, लिटरला दोन मिलीग्रॅम.

मी आता काय करते ते सांगते. तिसऱ्यांचे आणि कालवांचे शिंपले उकळून, धुवून, मीठ काढून कांद्याच्या जाळीच्या पिशवीत भरते आणि बेडातलं पाणी जिथे टाकीत पडतं तिथे टांगते, दोनेक किलो. पाणी आंबट झालं की ते जास्त विरघळतात, सातच्या वर गेलं की मंदावतात, त्यामुळे एकदम उडी कधीच नाही. पावसाळ्याच्या शेवटी पिशवी काढली तर शिंपल्यांच्या कडा पापडासारख्या पातळ झालेल्या, बोटाने तुटतात. तरीही पीएच उतरलाच तर हजार लिटरला दोन ग्रॅम चुना, म्हणजे चहाचा चमचा भरूनसुद्धा नाही, बादलीभर पाण्यात कालवून बेडावर हळूहळू ओतायचा, दिवसाला पॉइंट दोनपेक्षा जास्त वाढ नको. एका वेळी चुना, पुढच्या वेळी पोटॅशियम बायकार्बोनेट, नुसतं कॅल्शियम साचलं की झाडाला पालाश, म्हणजे पोटॅशियम, मिळत नाही. खाण्याचा सोडा मात्र नको, त्यातलं सोडियम पाण्यात साठत जातं.

काही जण विचारतात पीएच जास्त असेल तर लिंबू, आमसूल टाकू का. नका टाकू, त्याने टिकत नाही आणि पाण्यातला ऑक्सिजन वाया जातो. आधी कारण शोधा. सिमेंटची नवी टाकी असेल तर ती कित्येक आठवडे चुना सोडते, भरून, ओतून, परत भरून घ्यावी लागते. खडीवर व्हिनेगर टाकून बघा, फेस आला तर तिच्यात चुनखडी आहे. काळ्या दगडाची खडी बरी.

आणि विहिरीचं ताजं पाणी काढून लगेच मोजू नका, त्यात कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो. माझ्या विहिरीचं काढल्या काढल्या सहा पॉइंट तीन दाखवतं, बादलीत रात्रभर एअर स्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) लावून ठेवलं की सकाळी सातच्या जवळ. टाकीतही पहाटे कमी आणि दुपारी उन्हात शेवाळामुळे जास्त येतो, म्हणून रोज एकाच वेळी मोजायचं. मी सकाळी सातला मोजते, खाद्य घालायच्या आधी, आणि आकडा कॅलेंडरवर त्या दिवसाच्या चौकोनात लिहिते. पागोळ्यांच्या खाली आता पत्र्याची पन्हळ लावली आहे, ते पाणी टाकीत न जाता सरळ माडाच्या आळ्यात जातं.