मशीन शॉपमधला बूट: आधी पाय मोजा, मग ऑर्डर द्या

(लघुउद्योजक, सुपरवायझर आणि आयटीआयच्या प्रशिक्षणार्थींसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

भोसरी असो, सातपूर असो की शिरोली, लहान वर्कशॉपमध्ये सेफ्टी शूज घ्यायची पद्धत साधारण एकच. सुपरवायझर हजेरीपट घेऊन फिरतो, "तुझा नंबर किती?" विचारतो, सांगतील तो आकडा लिहितो आणि पुरवठादाराला फोन लावतो. आठवड्यानं खोकी येतात. महिन्यानं बघावं तर बरेच बूट मशीनमागे पडलेले आणि पायांत चपला. मग कामगारांना शिस्त नाही म्हणून ओरड सुरू होते. ही ओरड बहुतेक वेळा चुकीच्या माणसावर होते, असं माझं स्पष्ट मत आहे. न बसणारा बूट आठ तास उभ्यानं कुणालाच घालवत नाही, आणि काढून ठेवलेला बूट कितीही भारी असला तरी बोटं वाचवत नाही.

बुटाच्या टोपीपासून, म्हणजे बोटांवरच्या कडक कवचापासून, सुरुवात करू, कारण खरं नुकसान तिथं होतं. आपल्याकडे सेफ्टी शूजसाठी आयएस १५२९८ हे मानक आहे. त्याच्या भाग २ मधल्या बुटाची टोपी २०० ज्यूलचा आघात आणि १५ किलोन्यूटनचा दाब सोसते. भाग ३ मध्ये हाच आघात १०० ज्यूलवर येतो आणि भाग ४ च्या बुटाला संरक्षक टोपीच नसते. तिन्हींवर आयएसआयचं चिन्ह असू शकतं. म्हणून नुसतं चिन्ह पाहून थांबू नका, भाग कुठला ते वाचा. मशीन शॉपला भाग २ च हवा.

२०० ज्यूल म्हणजे किती, ते आपल्या रोजच्या सूत्रानं काढता येतं. गोल बारचं मीटरला किलोतलं वजन म्हणजे मिलीमीटरमधल्या व्यासाचा वर्ग भागिले १६२. शंभर मिलीमीटरचा माइल्ड स्टीलचा (एमएस) बार मीटरला जवळपास ६२ किलो भरतो. त्याचा ३०० मिलीमीटरचा तुकडा साडेअठरा किलोचा. लेथच्या बेडवरून, म्हणजे मीटरभर उंचीवरून, तो निसटला तर पायावर (किलो गुणिले ९.८ गुणिले मीटरमधली उंची) सुमारे १८० ज्यूल येतात. टोपी तग धरेल, पण काठावरच. पंचवीस किलोचा चक (लेथवर काम पकडणारा जबडा) त्याच उंचीवरून पडला तर २४५ होतात, म्हणजे मर्यादेबाहेर. म्हणून चक उतरवताना बेडवर लाकडी पाळणा ठेवायचा आणि जड चकला होइस्ट (वजन उचलणारी यारी) लावायचा. बूट आहे म्हणून ही कामं टाळता येत नाहीत.

स्टीलची टोपी वाकली तर बोटं कापते, असं पुष्कळ ठिकाणी ऐकू येतं, आणि त्या भीतीनं साधे बूट घालणारे लोक आहेत. एक साधा हिशेब करा. टोपी चेपण्याइतकं वजन उघड्या बोटांवर पडलं असतं तर हाडांचा चुराच झाला असता. टोपीमुळे कुणाचं जास्त नुकसान होत नाही.

स्टील की फायबर? फायबरची टोपी हलकी असते, पण तेवढंच संरक्षण द्यायला जाड करावी लागते, त्यामुळे बुटाचा पुढचा भाग फुगीर होतो. तिच्यावर जोराचा घाव बसला की आतून तडे जाऊ शकतात आणि बाहेरून काही दिसत नाही. स्टील निदान चेपलेलं दिसतं. नियम दोन्हींना सारखाच लावा: एकदा जोरदार मार बसला की तो जोड बाद.

आता मापाकडे येतो. यावर जरा वेळ घालवणार आहे, कारण साधा चामड्याचा बूट आठ-पंधरा दिवसांत सैल होतो, पण टोपी आयुष्यात सैल होत नाही. पहिल्या दिवशी करंगळीला घासली तर शेवटच्या दिवशीही घासणार. माप शिफ्ट संपल्यावर घ्या, तोवर पाय थोडे सुजलेले असतात. कामावर जे मोजे घालता तेच घाला. कागद भिंतीला टेकवा, टाच भिंतीला लावा, दोन्ही पायांवर सारखा भार देऊन ताठ उभे राहा आणि सर्वांत लांब बोटापाशी खूण करा. हे दुसऱ्यानं करावं. स्वतः वाकलं की पाय सरकतो. दोन्ही पाय मोजा आणि मोठ्या पायाचं माप धरा. बोटापुढे १० ते १२ मिलीमीटर मोकळे राहिले पाहिजेत. आपल्या नंबरांत एका नंबरचा फरक साधारण साडेआठ मिलीमीटरचा असतो, म्हणजे "एक नंबर इकडे-तिकडे चालतो" असं म्हणणं म्हणजे ही मोकळी जागा जवळजवळ सगळी सोडून देणं.

रुंदी विसरू नका. पंजा रुंद असलेला माणूस दुकानात लांबी वाढवून घेतो. मग टाच उचलते, फोड येतो आणि बूट खुंटीला लागतो. रुंद साच्याचा, म्हणजे रुंद पायाच्या ठोकळ्यावर बेतलेला, बूट मागा. सीएनसी लाइनवर स्त्रिया काम करतात तिथं पुरुषांचा पाच नंबर देऊन भागवू नका. टाच सैल राहते. त्यांच्या साच्यावर बनवलेले बूट मिळतात.

बूट घातल्यावर चालून पाहता, तसं उकिडवं बसूनही पाहा. कूलंटची (कापताना थंड ठेवणाऱ्या द्रवाची) टाकी साफ करताना तसंच बसावं लागतं आणि तेव्हा टोपीची मागची कड बोटांच्या सांध्यावर रुतते. दोन मिनिटं बसून कळ आली तर तो साचा तुमचा नाही. वरून जाड इनसोल घालून आराम मिळवायचा मोह होतो, तोही टाळा. आठ नंबरच्या बुटात पूर्ण आघातानंतर टोपीखाली किमान १४ मिलीमीटर जागा उरावी एवढंच मानक मागतं. तीन-चार मिलीमीटरचा गादीतुकडा पाय वर उचलतो आणि तीच जागा खातो. अँटीस्टॅटिक, म्हणजे अंगावरचा स्थिर विद्युतभार जमिनीत सोडणाऱ्या, बुटात तो शरीर आणि जमीन यांच्यातला मार्गही तोडू शकतो. (आणि अँटीस्टॅटिक म्हणजे विजेचा शॉक रोखणारा नव्हे, इलेक्ट्रिशियनचा बूट वेगळा.)

तळवा कसा हवा हे वापरलेला बूट उलटा करून पाहिलं की कळतं. खोल, अरुंद खाचांत कुरळ्या चिप्स (कापताना निघणारे धातूचे कीस) अडकून बसलेल्या असतात, काही रबरात निम्म्या रुतलेल्या, तेलानं काळ्या पडलेल्या. चालताना त्याच फरशीवर धातू घासतात आणि पाय सरकतो. म्हणून सेफ्टी शूजच्या वर्गांपैकी एस ३ चा खोल खाचांचा तळवा बांधकामाला उत्तम, पण कोरड्या टर्निंग शॉपला मला एस १ पी बरा वाटतो. त्यात खिळा किंवा चिप आरपार जाऊ न देणारा थर असतो. कूलंट सांडतच असेल तर पाणी रोखणारं वरचं चामडं घ्या. कार्बाइड टूलवरून निळी पडलेली चिप निदान ३०० अंशांच्या घरात तापलेली असते आणि साध्या पीयूच्या (पॉलियुरेथेनच्या) तळव्यात ती रुतते. तिथं नायट्रिल रबरचा एचआरओ (उष्णता सोसणारा तळवा) खुणेचा तळवा घ्या. तो ३०० अंशांना एक मिनिट टिकतो की नाही हे तपासलेलं असतं.

घोट्यापर्यंतचा बूट, जीभ दोन्ही बाजूंनी शिवलेली, लेसची टोकं आत खोचलेली, पँट बुटावरून बाहेर. पँट बुटात खोचली की गरम चिप थेट मोज्यात उतरते. नायलॉनचा मोजा तिथं कातडीला चिकटतो, म्हणून मोजे सुती घाला.

बूट घामानं आतून ओला होतो, पावसाळ्यात तर रात्रभरात वाळतच नाही. शक्य असेल तर दोन जोड आलटून पालटून वापरा. हीटरवर वाळवू नका, चामडं तडकतं. पीयूच्या तळव्याचं आणखी एक आहे: न वापरताही तो दमट हवेत हळूहळू विघटित होतो, आणि तीन-चार वर्षं गोदामात पडलेला बूट पहिल्या आठवड्यात भुगा होऊन सुटू शकतो. खोकं उघडल्यावर बुटावरची उत्पादनाची तारीख वाचा. दोन वर्षांहून जुना माल परत पाठवा. शंभर जोडांची ऑर्डर देण्याआधी वेगवेगळ्या साच्यांचे पाच-सहा जोड मागवा, वेगवेगळ्या मशीनवरच्या माणसांना महिनाभर द्या आणि त्यांनी नाही म्हटलं तर तो साचा घेऊ नका.