शून्याची अडत

नमस्कार मंडळी. रेडिओवाल्यांनी विषय विचारला तेव्हा मी म्हणलं गुळावर बोलतो, कोल्हापूरच्या मार्केट यार्डात अडत दुकानावर, म्हणजे शेतकऱ्याचा माल विकून द्यायचा आणि त्यावर कमिशन घ्यायचं, बावीस वर्षं बसलोय, दुसरं काय येतंय मला. तर ते म्हणले गुळावर लई झालं, जरा वेगळं सांगा. मग म्हणलं कॅसिनोचं सांगू का? एक मिनिट गप्पच झाले.

घरी आमची सौ. ऐकत बसली असणार. तिला सगळं माहिती आहे, फक्त मी किती घालवले तो आकडा सोडून, तो आजही सांगणार नाही.

२०२२ चा जुलै. गुळाचे सौदे बंद, धो धो पाऊस, आणि माझा दोस्त, त्याचं महाद्वार रोडला चपलांचं दुकान, पावसात कापशी चप्पल कोण घेतंय, तो बसलाय माश्या मारत. शुक्रवारी रात्री फोन, "भावा, उद्या गोव्याला. कॅसिनो. माझ्याकडं सिस्टीम आहे." मी म्हणलं चल, मला तसाही घाट बघायचा होता.

कागल, निपाणी, आजरा, आंबोली. घाटात धुकं असं की पुढच्या गाडीचा लाल दिवा तेवढा दिसायचा, आणि हा गडी बिलबुकाच्या मागं लिहून मला सिस्टीम समजावतोय. सोपं होतं. रुलेट, म्हणजे लाल-काळ्या खाचांच्या चाकात गोळी सोडायचा जुगार, त्यात लालवर ५०० लावायचे, लाल आलं की लावले तेवढेच वर मिळतात. हरलो तर हजार, परत हरलो तर दोन हजार, असं डबल करत जायचं, कधीतरी लाल येणारच, आणि आलं की मागचं सगळं वसूल होऊन वर ५०० सुटतात. कागदावर तर बरोबरच दिसत होतं ओ.

पणजीला मांडवीत कॅसिनोच्या बोटी उभ्या असतात, धक्क्यावरनं छोटी बोट फुकट नेऊन सोडते. एंट्रीच्या पैशात जेवण, आणि थोड्या चिप्स, म्हणजे पैशाच्या जागी लावायच्या चकत्या, ज्या फक्त खेळायला चालतात, त्याचे रोख पैसे मिळत नाहीत. वय २१ पाहिजे. गोव्याचा जुगाराचा कायदा १९७६ चा, त्यात १९९२ ला पंचतारांकित हॉटेलातल्या मशिनी बसवल्या आणि १९९६ ला बोटी. गंमत म्हणजे आपल्या महाराष्ट्रानं पण १९७६ लाच कॅसिनोचा कायदा केलता, तो कधी लागूच झाला नाही आणि २०२३ ला रद्द करून टाकला. आणि अजून एक, फेब्रुवारी २०२० पासून खुद्द गोव्याच्या माणसाला कॅसिनोत खेळायला बंदी आहे. म्हणजे घरच्या पोरांना दार बंद आणि कोल्हापूरच्या पोरांना बोट फुकट, यातच काय ते समजून घ्यायला पाहिजे होतं आम्ही.

आत एसी असा की दात वाजायला लागले. घड्याळ कुठं दिसलं नाही. वीस हजार काउंटरवर देऊन दोस्तानं चिप्स घेतल्या, आणि मी त्याचा हात बघत होतो, दुकानात शंभराची नोट सोडताना हा माणूस दोनदा चोळून बघतो चिकटून दुसरी गेली का म्हणून, तोच इथं चिप्स कॅरमच्या सोंगट्यांसारख्या सरकवायला लागला.

रुलेटचं टेबल. तिथं खेळ चालवणारी पोरगी चाक एका बाजूला फिरवते, पांढरी गोळी उलट्या बाजूला सोडते, सुरुवातीला नुसती सुंई करत कडेनं पळते, मग हळू होते आणि स्टीलच्या ताटात गोटी पडावी तशी टणटण उड्या मारत एका खाचेत बसते. खाचा ३७. अठरा लाल, अठरा काळ्या, आणि एक हिरवी, शून्याची.

मी त्या हिरव्या खाचेकडंच बघत बसलो. म्हणलं ही तर अडत आहे! बघा, सौद्यात दर चढू दे नाहीतर पडू दे, शेतकरी हसत जाऊ दे नाहीतर शिव्या देत, अडत्याची अडत काय सुटत नाही. तसंच हे. ३७ डाव शंभर-शंभर लालवर लावले आणि सगळं अगदी हिशोबानं पडलं तर १८ जिंकणार, १८ हरणार, आणि शून्याचे शंभर मालकाचे. ३७०० च्या उलाढालीवर १००, म्हणजे शेकडा २.७. त्यांना लबाडी करायची गरजच काय.

आणि खरी मेख उलाढालीत आहे. आपण म्हणतो वीस हजार घेऊन गेलो. पण अडत त्या वीस हजारावर नाही पडत, तेच पैसे जितक्या वेळा टेबलावरनं फिरतात तितक्या वेळा पडते. मी मोजलं, तासाला चाळीसएक डाव होत होते. पाचशेचा डाव धरला तरी तासाला वीस हजार फिरले, म्हणजे सरासरी ५४० रुपये तासाला, नुसतं खुर्चीवर बसायचं भाडं. नंतर तर सरकार पण अडतीला बसलं, ऑक्टोबर २०२३ पासून चिप्स घ्यायच्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी आणि सप्टेंबर २०२५ पासून ४०.

हे मी दोस्ताला सांगायला गेलो तर तो ऐकतोय कशाला, तो चार हजारानं वर होता. "बघ, सिस्टीम!" जवळजवळ तासभर नाद खुळा चाललं होतं.

मग आठ काळा. गेले ५००. सव्वीस काळा. अकरा काळा. चौथ्याला शून्य. बावीस, काळा. पाच डावात साडेपंधरा हजार खल्लास. सलग पाच वेळा हरायची शक्यता अठ्ठावीसात एक, आणि रात्रभर बसणारा माणूस तेवढ्या वेळा तर सहज खेळतो. सहाव्याला सोळा हजार लावायचे, आणि ह्याच्याकडं राहिलेले साडेआठ. माझ्याकडं वळला. कपाळावर घाम, त्या एसीत. "भावा, साडेसात दे. आता लाल येणारच."

माझ्याकडं होते. हॉटेलचे आणि डिझेलचे. मी म्हणलं नाही.

पोरीनं गोळी सोडली. आम्ही दोघं बघत उभे, टेबलावर आमची एक चिप नाही. टणटणटण... तेवीस. लाल.

दोस्त काही बोलला नाही. वर जाऊन बुफेत दोन प्लेट बिर्याणी खाल्ली, तांबडा रस्सा नाही म्हणून वेटरवर चिडला, आणि झोपायला गेला. परत येताना आजऱ्यापर्यंत गाडीत चिडीचूप. मी त्याला समजावून सांगितलं की गोळीला काय आठवत नसतं, मागं पाच डाव लाल पडलं नाही म्हणून सहावं लाल पडायला ती बांधील नाही, दिले असते तरी जाऊ शकले असते. तो खिडकीतनं बाहेर बघत म्हणला, "पण पडलं न्हवं लाल?"

ह्याला मी काय उत्तर देणार.

आता तो कुणालाही सांगतो, कॅसिनोत नाही हरलो, ह्या गूळवाल्यानं हरवलं मला. परवा दुकानावर आलता, ढेपेचा गूळ तोडून खात खात म्हणला, दिवाळीचा पाडवा झाला की तुझे सौदे सुरू होतील, त्याच्या आत एकदा जाऊन येऊ, आणि ह्यावेळी साडेसात हजार जास्तीचे मीच घेतो.