लाँगफर्ड घराण्याची सून

नमस्कार मंडळी. आज बोलूया इंग्रज चरित्रलेखिका एलिझाबेथ लाँगफर्ड यांच्याबद्दल. जन्म १९०६, लंडनच्या, शिकल्या ऑक्सफर्डला, १९३१ ला लग्न झालं फ्रँक पाकनम यांच्याशी. हे पुढे लॉर्ड लाँगफर्ड झाले, लेबर पार्टीच्या सरकारात मंत्री होते. आणि मुलं आठ. परत सांगते, आठ!

लेबरकडे आधी या वळल्या, नवरा नंतर आला. आणि कॅथलिक आधी नवरा झाला, १९४० मध्ये, तेही बायकोला न सांगता. घरात केवढं वाजलं असेल बघा. बाई सहा वर्षं थांबल्या आणि १९४६ ला स्वतः कॅथलिक झाल्या. इलेक्शनला पण उभ्या राहिल्या, १९३५ आणि १९५०, दोन्हीदा पडल्या. आपल्याकडे पुढाऱ्याच्या बायकोला वहिनीसाहेब म्हणतात, हळदीकुंकवाला पाहुणी म्हणून बोलावतात पण वहिनी तुम्ही काय लिहिता असं कुणी विचारत नाही, मला याचा फार राग येतो, असो.

आधी त्या पेपरात मुलं वाढवण्यावर लिहायच्या. राणी व्हिक्टोरियाचं गाजलेलं चरित्र आलं १९६४ ला, म्हणजे साठीला टेकल्यावर. हो, साठीला टेकल्यावर! मग १९६९ ला ड्यूक ऑफ वेलिंग्टनच्या, म्हणजे वॉटर्लूला नेपोलियनला हरवणाऱ्या ब्रिटिश सेनापतीच्या, चरित्राचा पहिला भाग आला, आणि आता मला जी गोष्ट सांगायचीय ती इथेच आहे.

हा वेलिंग्टन तरुणपणी नुसता आर्थर वेलस्ली, खिशात दमडी नाही. आयर्लंडमध्ये एका मुलीला मागणी घातली, किटी पाकनम. पाकनम! म्हणजे आपल्या एलिझाबेथबाईंचं सासर, किटी ही फ्रँकच्या पणजोबांची बहीण. या पणजोबांनीच नकार दिला, मुलाकडे पैसा नाही, पुढे काही करेल असं दिसत नाही. आर्थरनं काय केलं तर स्वतःची व्हायोलिनं जाळून टाकली, लष्करात मन घातलं आणि आला हिंदुस्थानात. २३ सप्टेंबर १८०३, असई, आपल्या जालना जिल्ह्यातली असई! समोर शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांची फौज, मध्ये नदी, वाटाडे म्हणतायत साहेब इथे उतार नाही. यानं दुर्बिणीतून बघितलं तर या काठाला एक गाव, बरोबर समोर त्या काठाला दुसरं. म्हणाला, दोन गावं समोरासमोर आहेत म्हणजे उतार असणारच. अहो असणारच की, सोयरीक असते, बाजार असतो, माणसं येणार-जाणार नाहीत का? आणि उतार निघाला! लढाई जिंकला पण त्याची दीड हजारावर माणसं मेली किंवा जखमी झाली. म्हातारपणी कुणीतरी विचारलं, तुमची सगळ्यात चांगली कामगिरी कुठली, तर वॉटर्लू नाही म्हणाला, असई म्हणाला. शाळेच्या सहली तिकडे न्यायला पाहिजेत असं माझं स्पष्ट मत आहे, नुसती वॉटरपार्क काय दाखवता पोरांना.

तर हा नाव आणि पैसा कमावून परत गेला आणि त्याच किटीला पुन्हा मागणी घातली, न बघता! दहा वर्षांहून जास्त काळ गाठ नाही, आता घरचे हो म्हणाले, १८०६ मध्ये डब्लिनला लग्न. तिला बघितलं आणि स्वतःच्या भावाच्या कानात पुटपुटला की ही तर कुरूप झालीय. लग्न लावणारा भटजी म्हणजे पाद्री तोच भाऊ होता. संसार सुखाचा झालाच नाही. इतिहासवाले किटीला मूर्ख ठरवून मोकळे होतात, पण एलिझाबेथबाईंनी तिची बाजू समजून घेऊन लिहिली, सासरच्या बाईला सासरची सूनच ओळखते.

पहिला भाग आला त्याच १९६९ साली त्यांची धाकटी लेक मोटार अपघातात गेली, वय तेवीस. नाव कॅथरीन, किटीचंही खरं नाव हेच. तरी दुसरा भाग १९७२ ला पूर्ण करून दिला. मराठवाड्यातल्या श्रोत्यांनी जुन्या लायब्ररीत पहिला भाग मिळाला तर जरूर काढा, असई त्यातच आहे.