फुलकिडा विषाणू वाहतो की वाढवतो?

नमस्कार श्रोतेहो.

पेडण्यातली हरमलची मिरची असो, काणकोणच्या उतारावरची खोला मिरची असो किंवा पर्राचे कलिंगड असो, शेंडे कोकडले, पाने आखडली की पहिला प्रश्न येतो तो 'काय फवारू?' हा. त्याचे उत्तर शोधण्याआधी आज आपण किड्याच्या पोटात शिरणार आहोत. कारण कोणता उपाय लागू पडेल, हे त्या किड्याने विषाणू नुसता वाहून आणला की आपल्या पेशींत वाढवून आणला, यावर ठरते.

वाहून आणणाऱ्यांचे आधी थोडक्यात सांगतो. पपईचा रिंगस्पॉट विषाणू मावा पसरवतो. रोगट पानावर काही सेकंद सोंड टेकली की विषाणू सोंडेला चिकटतो आणि पुढच्या दोन-चार पानांवर पुसला जातो. भातावरच्या टुंग्रो रोगाचा विषाणू हिरव्या तुडतुड्याजवळ काही दिवस टिकतो, पण तुडतुड्याने कात टाकली की कातीबरोबर तोही जातो. या दोन्ही प्रकारांत विषाणू किड्याच्या पेशीत शिरतच नाही.

दुसरा गट मात्र वेगळा आहे. फुलकिड्यांनी पसरणारे मिरची, टोमॅटो आणि कलिंगडाचे शेंडेमर रोगाचे विषाणू या गटात येतात. तपकिरी तुडतुड्यांनी पसरणारे भाताच्या रॅगेड स्टंट आणि ग्रासी स्टंट या रोगांचे विषाणूही त्यातलेच. हे विषाणू किड्याच्या आतड्यातून लाळग्रंथीपर्यंत जातात आणि वाटेतल्या पेशींत आपल्या प्रती काढत जातात. एकदा लाळेत पोचले की तो किडा मरेपर्यंत रोग देत राहतो.

पेशीच्या आत नेमके काय घडते, हे सगळ्यात बारकाईने उलगडले आहे ते जपान आणि चीनमधल्या भाताच्या खुजा रोगाच्या विषाणूत. म्हणून उदाहरण त्याचेच घेऊ. हा कण साधारण ७० नॅनोमीटरचा. एका मिलिमीटरच्या रेघेवर असे सुमारे १४ हजार कण ओळीने बसतील. आत दुपदरी आरएनएचे १२ वेगवेगळे तुकडे, म्हणजे त्याची जनुके, आणि बाहेर दोन कवचे.

आपला नारळ डोळ्यांसमोर आणा. रोगट भाताचा रस चोखताना हा कण तुडतुड्याच्या आतड्यात येतो. बाहेरच्या कवचावरची प्रथिने तिथल्या पेशीला धरतात आणि पेशी आपल्या पापुद्र्याची खोळ करून त्याला आत ओढून घेते. आत गेल्यावर सोडण काढावे तसे बाहेरचे कवच उतरते, पण करवंटी फुटत नाही. हे विषाणूच्या फायद्याचे आहे. दुपदरी आरएनए पेशीत उघडे पडले तर किड्याची संरक्षण यंत्रणा ते ओळखते आणि त्याचे तुकडे करते. म्हणून जनुके करवंटीतच राहतात. नक्कल करणारे प्रथिनही आतच असते. ते एकपदरी आरएनएच्या प्रती काढते आणि त्या करवंटीच्या कोपऱ्यांतून बाहेर येतात. नारळाला डोळे तीन, इथे कोपरे १२.

या प्रती वाचून किड्याचीच रायबोसोम विषाणूची प्रथिने बनवू लागतात. त्यांतले एक प्रथिन स्वतःभोवतीच गोळा होत पेशीद्रवात एक दाट गोळा बनवते. त्याला व्हायरोप्लाझम म्हणतात. हा विषाणूचा कारखाना, आणि त्याच्या आत एक जागा, कडेला दुसरी, अशी कामाची वाटणी असते. मध्यभागी आतली करवंटी जुळते: एकाच प्रथिनाच्या १२० प्रती, जोडीजोडीने, ६० जोड्या. त्यांच्या पोटात १२ आरएनए तुकडे भरले जातात, तिथेच त्यांची दुसरी बाजू लिहून ते दुपदरी होतात. अशी भरलेली करवंटी कारखान्याच्या कडेला सरकली की तिथे बाहेरचे कवच चढते: दुसऱ्या प्रथिनाच्या ७८० प्रती, तीन-तीनच्या २६० झुपक्यांत. कारखाना उभा करणारे प्रथिन प्रयोगात बंद पाडले, की गोळा होत नाही आणि नवे कण जवळजवळ थांबतात.

तयार कण शेजारच्या पेशीत कसे जातात? पेशी फोडून नव्हे. विषाणू आणखी एका प्रथिनाची नळी तयार करवतो, सुमारे ८५ नॅनोमीटर रुंदीची. ७० चा कण तिच्यात नेमका मावतो. ही नळी पेशीच्या ॲक्टिन धाग्यांचा, म्हणजे तिच्या सांगाड्याच्या धाग्यांचा, आधार घेत शेजारच्या पेशीत घुसते आणि कण ओळीने पुढे सरकतात. ज्या जातीच्या तुडतुड्यात या नळीचे त्या धाग्यांशी जुळत नाही, तिथे विषाणू पहिल्याच पेशीत अडकतो. प्रत्येक विषाणूला ठरावीकच किडा का लागतो, त्याचे एक कारण इथे आहे.

उलटा पुरावाही मिळाला आहे. हा विषाणू कित्येक वर्षे किड्याविना, फुटव्यांची लागवड करत फक्त झाडातच वाढवला, तेव्हा किड्याच्या पेशीत शिरायला लागणारे कवचाचे प्रथिनच त्याने गमावले. झाड आजारी पडत राहिले, पण तुडतुड्यांना तो पसरवता येईना. झाडासाठी एक हत्यार आणि किड्यासाठी दुसरे, असा हा मामला आहे.

तुडतुडा स्वतः फारसा आजारी का पडत नाही? कारण तो विषाणूला पूर्ण मोकळीक देत नाही. बाहेर सांडलेल्या दुपदरी आरएनएचे साधारण २१ अक्षरांचे तुकडे पाडून तो वाढ लगामात ठेवतो. प्रयोगात हा लगाम काढला, की विषाणू बेसुमार वाढतो. १८९४ मध्ये जपानच्या हाशिमोतो नावाच्या शेतकऱ्याने या रोगाचा तुडतुड्यांशी संबंध जोडून दाखवला, आणि १९३३ मध्ये फुकुशी यांनी दाखवले की तो मादीच्या अंड्यातून पिलांत उतरतो. पुढे कळले, अंड्यात जाताना तो तुडतुड्याच्या शरीरातल्याच एका सोबती जिवाणूच्या पाठीवर बसतो.

आता आपल्या शेतात येऊ. मिरची-टोमॅटोवर शेंडेमर आणणाऱ्या विषाणूची बांधणी वेगळी. कण ८० ते १२० नॅनोमीटरचा, गोल, चरबीच्या आवरणाचा, आत आरएनएचे तीन तुकडे. पेशीद्रवात आरएनएभोवती प्रथिन गुंडाळले जाते, मग गॉल्जी यंत्रणेच्या, म्हणजे पेशीतल्या प्रथिने बांधून पाठवणाऱ्या भागाच्या, पडद्यातून आवरण चढते. त्या आवरणावरची दोन प्रथिने फुलकिड्याचे आतडे ओळखतात. हा विषाणूही एका झाडाच्या रसातून दुसऱ्यात वारंवार चोळून वाढवला, की आवरणाची प्रथिने बिघडतात आणि फुलकिडे त्याला पसरवू शकत नाहीत.

पण शेतकऱ्याला महत्त्वाची गोष्ट पुढची आहे. फुलकिडा विषाणू घेतो तो फक्त पिलू असताना, पहिल्या आणि दुसऱ्या अवस्थेच्या सुरुवातीला. तेव्हा त्याच्या इवल्या शरीरात आतडे, त्याचे स्नायू आणि लाळग्रंथी एकमेकांना चिकटून असतात, म्हणून विषाणू एकातून दुसऱ्यात उतरतो. किडा वाढला की हे अवयव दूर जातात. प्रौढ फुलकिडा रोगट झाडावर महिनाभर बसला तरी नव्याने रोग पसरवणारा होत नाही. अंड्यातूनही हा विषाणू जात नाही. म्हणजे रोग पसरवणारा प्रत्येक फुलकिडा लहानपणी रोगट झाडावरच वाढलेला असतो. तुमच्या वाफ्यातले, बांधावरचे किंवा शेजारच्या शेतातले एखादे झाड हे त्याचे पाळणाघर.

म्हणून रोगट झाड उपटायचे ते पिलांचा विचार करून. पिलांना पंख नसतात. भल्या सकाळी झाडावर पिशवी घालूनच उपटा, तोंड बांधा आणि पुरा. उपटून बांधावर टाकलेले झाड वाळत असताना पिले शेजारच्या झाडावर चालत जातात. रोगट झाड ठेवून फवारणीवर भिस्त ठेवली तर आधीच लागण झालेला प्रौढ काही मिनिटांच्या चोखण्यात नवे झाड बिघडवतो. औषधाचा परिणाम व्हायला त्याहून जास्त वेळ लागतो. आणि फुलकिडा मेला, तरी झाडातला विषाणू त्याने मरत नाही.

कोषावस्था जमिनीत जाते, म्हणून चंदेरी प्लास्टिकचे आच्छादन दोन कामे करते: पिले जमिनीत उतरू देत नाही आणि उडणाऱ्यांना झाड ओळखू देत नाही. निळे चिकट सापळे पिकाच्या शेंड्याच्या थोडे वर लावा. पिवळे सापळे पांढऱ्या माशीसाठी. रोपवाटिकेला ४० ते ५० मेशची जाळी पांढरी माशी अडवते, पण फुलकिडे तिच्यातून निसटतात, त्यांच्यासाठी याहून बारीक विणीची जाळी हवी. आणि बांधावरची ओसाडी लागवडीच्या आधी काढा, मधेच नको. पीक उभे असताना तण कापले की त्यावरचे पंखवाले फुलकिडे नेमके मिरचीवर येतात.

भेंडीच्या हळद्याबद्दल, म्हणजे पाने पिवळी पडण्याच्या रोगाबद्दल, थोडे जोडतो, कारण सात शिरांच्या भेंडीचे वाफे पाहणाऱ्यांना हा प्रश्न पडतोच. त्याचा विषाणू डीएनएचा, पसरवते पांढरी माशी. या कुळातले विषाणू माशीत वाढत नाहीत असे बरीच वर्षे मानत. २०२० मध्ये टोमॅटोच्या पिवळ्या पर्णगुच्छ विषाणूबाबत दिसले की तो पांढऱ्या माशीच्या लाळग्रंथीत तिचीच डीएनए-यंत्रणा वापरून प्रती काढतो.

भाताचे सांगून थांबतो. सरदाची, म्हणजे पावसाळी भाताची, कापणी झाली की खुंटांना फुटवे येतात, आणि वायंगणाची, म्हणजे त्यानंतरच्या भाताची, रोपे तयार होईपर्यंत तुडतुडे त्या हिरव्या फुटव्यांवर तग धरतात. रॅगेड स्टंटचा विषाणू अंड्यातून जात नाही. त्याला दर पिढीला रोगट रोप लागते, आणि ते हे फुटवे पुरवतात. वायंगणाची पेरणी करण्याआधी खुंट नांगरून गाडा. लावणीत दर दोन-तीन मीटरवर एक फुटाचा पट्टा मोकळा सोडा, युरिया एकदम न देता हप्त्यांनी द्या, आणि तपकिरी तुडतुड्यांवर पायरेथ्रॉइड गटाचे औषध वापरू नका. ते त्यांना खाणारे कोळी मारते आणि तुडतुडे आधीपेक्षा वाढतात. पाहणी करताना पान पाहून परत फिरू नका. चुडाच्या बुंध्याशी, पाण्याच्या पातळीच्या थोडे वर, वाकून पाहा. ते तिथे बसलेले असतात.