मुखवट्याआडचं ‘तू’

मंडळी, जर्मनीतला कार्निव्हल म्हटलं की कोलोनच्या मिरवणुका आणि उधळलेल्या गोळ्या-चॉकलेटं डोळ्यांपुढे येतात. मी आज बोलणार आहे ते रॉटवाइलबद्दल. नैऋत्य जर्मनीतलं पंचवीसेक हजार वस्तीचं, बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यातलं हे सगळ्यांत जुनं शहर. रॉटवायलर कुत्र्याचं नाव याच गावावरून पडलं. इथे ‘कार्निव्हल’ म्हणालात तर लोक लगेच दुरुस्ती करतात. इथे असतं ते ‘फास्नेट’.

नोकरीनिमित्त मी तिथे राहायला गेले त्याला तेव्हा दहा महिने झाले होते. जर्मनमध्ये ‘झी’ म्हणजे आपलं तुम्ही आणि ‘डू’ म्हणजे तू. दहा महिने मला सगळे ‘झी’च म्हणत होते. बेकरीवाल्या बाई, खालच्या मजल्यावरचे आजोबा, ऑफिसातले लोकसुद्धा. वागणं अगदी सभ्य, पण घराच्या उंबऱ्याबाहेर उभं केल्यासारखं वाटायचं. आपल्याकडे शेजारीण दुसऱ्या दिवशी ‘अगं’ म्हणते, त्या ‘अगं’ला मी आसुसले होते.

फास्नेटच्या सोमवारी पहाटेच उठून आम्ही मुख्य रस्त्यावर जाऊन उभे राहिलो. फेब्रुवारीची थंडी, बोटं बधिर झालेली. उताराच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी पुढे आलेल्या सज्जांची जुनी घरं आहेत आणि वरच्या टोकाला तेराव्या शतकातली काळी वेस, ‘श्वार्त्सेस टोर’. एवढी गर्दी, पण आठ वाजत आले तशी ती आपोआप गप्प झाली. आठचे ठोके पडले आणि वेशीच्या कमानीतून घुंगरांचा आवाज आला. बँडच्या ठेक्यावर एकेक पाऊल उडी मारत ते खाली येऊ लागले. या मिरवणुकीचं नावच ‘नारनश्प्रुंग’, म्हणजे विदूषकांची उडी.

त्यांतलं एक ‘ग्शेल’: रंगवलेलं पांढरं कापड, अंगावर चामडी पट्टे, त्यांवर ओळीने घुंगरं आणि लाकडात कोरलेला हसरा, गुळगुळीत चेहरा. ‘बिस’चाही वेश तसाच, पण दात विचकलेले. मला सगळ्यांत आवडला तो ‘फेडरहानेस’. अंगभर पिसं शिवलेला हा गडी लांब काठीच्या आधाराने उंच उड्या मारतो. काठीच्या टोकाला वासराचं शेपूट बांधलेलं असतं आणि ते तो लोकांच्या नाकाखाली फिरवतो. माझ्याही नाकाखालून ते फिरलं. ओल्या केसांचा वास आला, मी किंचाळले आणि आजूबाजूचे सगळे ‘हू-हू-हू’ करून ओरडले.

हे सगळं आलं उपासातून. पूर्वी ईस्टरच्या आधी चाळीस दिवस मांस, चरबी, अंडी वर्ज्य, म्हणून त्याआधी पोटभर खायचं, तळायचं, हुंदडायचं. फास्नेटच्या सोमवाराआधीच्या गुरुवारी तर तळलेल्या पुऱ्यांसारख्या ‘क्युश्ले’ घरोघरी होतात. एकोणिसाव्या शतकात ऱ्हाइनकाठच्या कार्निव्हलची टूम या भागातही आली होती, पण पुढे गावं आपल्या जुन्या लाकडी मुखवट्यांकडे परतली. १९२४ साली त्यांच्या मंडळांनी संघटना बांधली. २०१४ साली जर्मनीने आपल्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत या फास्नेटची नोंद केली.

मला खरं सांगायचंय ते मिरवणुकीनंतरचं. मुखवटेवाले गर्दीत शिरतात, खानावळींत जातात आणि वर्षभरात ज्याने जे केलं ते त्याला तोंडावर सुनावतात. याला ‘आउफझागेन’ म्हणतात. आवाज बदललेला आणि समोर कोणीही असो, त्याला ‘तू’च म्हणायचं! आपला शिमगा मला त्या क्षणी आठवला.

माझ्यासमोर ‘शांटले’ नावाच्या वेशातला एक मुखवटेवाला येऊन उभा राहिला. हातात वही होती, तिच्यात रंगीत चित्रं. शेजारच्या बाईंना त्याने एक पान दाखवून काहीतरी ऐकवलं. त्या लाजून लाल झाल्या. मग त्याने वही मिटली, माझ्याकडे वळला आणि चिरक्या आवाजात म्हणाला, “आणि तू! रविवारी दुपारी बाटल्या टाकायला गेलीस! खळ्ळ, खळ्ळ, खळ्ळ! अख्खी गल्ली जागी केलीस!”

खरंच होतं ते. रविवार तिकडे शांततेचा वार. काचेच्या बाटल्या त्या दिवशी काचकचऱ्याच्या पेटीत टाकायच्या नसतात. मी गेल्या उन्हाळ्यात टाकल्या होत्या. तेव्हा कोणी चकार शब्द काढला नव्हता. पण गल्लीने ते ऐकलं होतं, लक्षात ठेवलं होतं. त्याने माझ्या ओंजळीत चार गोळ्या टाकल्या आणि तो गर्दीत दिसेनासा झाला. मी तिथेच उभी राहून रडले. मला वाईट वाटलं म्हणून नाही. दहा महिन्यांत पहिल्यांदा त्या गावात मला कोणी रागावलं होतं.

पुढच्या ६ जानेवारीला दारं वाजली. त्या दिवशी काळ्या कपड्यांतली माणसं ब्रश घेऊन घरोघर फिरतात आणि ज्यांच्याकडे फास्नेटचा पोशाख आहे त्यांचा तो झटकून देतात. खालच्या आजोबांनी मला बोलावून घेतलं. पेटीतून पांढरा पोशाख निघाला, धूळ नसतानाही ब्रशने झटकला गेला, सगळ्यांनी एकेक घोट घेतला. पाहुणे गेल्यावर आजोबांनी मुखवटा माझ्या हातात दिला. त्यांच्या पणजोबांपासूनचा, लिंडेनच्या लाकडाचा. बाहेरून रंग चकचकीत होता. आतली बाजू कपाळ टेकतं तिथे काळी, गुळगुळीत झाली होती, देवघरातल्या जुन्या पाटासारखी. मी तो थोडा वर उचलला.

“बघ हवं तेवढं,” आजोबा म्हणाले, “पण चेहऱ्याला लावू नकोस. अजून वेळ आहे.”