नाकाने दिलेला निकाल

दीड-दोन वर्षांचं मूल जमिनीवर पडलेला बिस्किटाचा तुकडा तोंडात घालायला जातं आणि घरातलं कुणीतरी ओरडतं, ‘शी! घाण आहे ते, टाक!’ मूल टाकतं. का टाकायचं ते त्याला कळत नाही, आवाजातला तिटकारा तेवढा कळतो. चार दिवसांनी आंघोळीच्या वेळी तेच मूल स्वतःच्या अंगाशी चाळा करतं, तेव्हाही तोच आवाज, तोच शब्द. आज बोलायचंय ते या दोन घाणींबद्दल. पहिली केरसुणीने निघते.

शब्दाचं मूळ नाकात आहे. संस्कृतात घ्राण म्हणजे वास घेणं, आणि नाकसुद्धा. शाळेत आपण घ्राणेंद्रिय पाठ केलंच होतं. प्राकृतात त्यातला ‘र’ गळला. पालीत ‘घान’ म्हणजे नाकच. मराठीत मात्र हा शब्द नाकावरून घसरला तो दुर्गंधीवर, आणि तिथून जिला ती येते त्या वस्तूवर. म्हणून आपल्याकडे घाण ‘येते’ आणि घाण ‘पडलेली’ही असते. (तेलाचा घाणा आणि भज्यांचा पहिला घाणा यांचा इथे संबंध नाही. शेवटी कुणीतरी विचारतंच, म्हणून आधीच सांगून टाकतो.) हिंदीतल्या ‘गंदा’ची कथाही अशीच, फारसीत ‘गंद’ म्हणजे दुर्गंध.

माळावर घाणेरी असते, काही जण तिला टणटणी म्हणतात. पान चुरगळलं की उग्र दर्प येतो. पण लहानपणी आम्ही तिची गुलाबी-पिवळी फुलं उपटून देठाकडचा गोड थेंब चोखायचो. नाव ठेवणाऱ्याने नुसतं पान चुरगळलं असणार.

नाक वाद घालत नाही, ही खरी गोम. डोळ्यांनी पाहिलेलं, कानांनी ऐकलेलं यांची उलटतपासणी होते. वास आला की माणूस मागे सरतो, विषय संपला. ‘हे चूक आहे’ म्हणालात तर समोरचा ‘का?’ विचारेल, ‘हे घाणेरडं आहे’ म्हणालात तर सहसा विचारणार नाही. कधी तो शब्द चपखलही बसतो. बसच्या गर्दीत मुद्दाम लागणाऱ्या कोपराला दुसरं काय म्हणायचं? पण हाच बिनचौकशीचा निकाल आपण पाळी आलेल्या बाईवर लावला, गटारात उतरणाऱ्या माणसावर लावला. हाताने मैला उचलायला लावणं थांबावं म्हणून 1993 मध्ये कायदा झाला, 2013 मध्ये पुन्हा दुसरा करावा लागला. घाण आपली, काढणारा तो, आणि घाणेरडा ठरला तोच. आजही दारावरची बेल वाजली की आतून आवाज येतो, ‘कचरेवाला आलाय!’ खरं तर कचरेवाले आपण, तो नेणारा.

सरकारी मराठीही यात मागे नाही. झोपडपट्टीला कागदोपत्री ‘गलिच्छ वस्ती’ म्हणतात. नळ नाही, गटार नाही, संडास पन्नास घरांत एक, हे सगळं त्या विशेषणात बुडून जातं आणि विशेषण चिकटतं ते राहणाऱ्यांना. मग ‘तिकडची पोरं’ म्हणताना नाक आपोआप मुरडतं.

आता गंमत पाहा. इथे येताना बसमध्ये पुढच्या सीटवर कॉलेजच्या दोन मुली बोलत होत्या. ‘घाण भूक लागलीये यार.’ ‘कालची मिसळ घाण भारी होती!’ माझ्या शेजारच्या काकूंनी कपाळाला आठ्या घातल्या. पण भाषेच्या दृष्टीने हे नवं नाही. ‘भयंकर सुंदर’ म्हणताना आपल्याला कुठे भीती वाटते? भयंकरातलं भय गेलं, तशी या घाणीतली दुर्गंधी निघून गेलीय, नुसता जोर उरलाय. अडचण एवढीच, की ‘भारी’ विसरलात आणि आजीला ‘पुरणपोळी घाण झालीये’ म्हणालात, तर दुसरी पोळी पानात पडायची नाही.